सध्या तुमच्या सुयांवर काय आहे?

सुलटउलट

विणून पुऱ्या झालेल्या वस्तूंचे फोटो सगळेच टाकतात. हा धागा सुयांवर अडकलेल्या कामांसाठी काढते आहे. पाठ झाली, पुढचा भाग मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडायच्या जागेशी आलाय, बाह्यांना अजून हातही लागलेला नाही, अशी जी कामं पिशवीत असतात ना, त्यांच्यासाठी. विणणाऱ्या माणसाचा बहुतेक काळ याच अवस्थेत जातो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

माझ्याकडे सध्या बाबांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर आहे. राखाडी लोकर, पुढच्या भागावर दोन वेण्या, बाकी साधी वीण. आम्ही नाशिकला, बाबा निफाडला. थंडीत राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून बातम्यांत बरेचदा निफाडचंच नाव येतं, आणि बाबा पहाटे फिरायला गेल्याशिवाय राहत नाहीत. दिवाळीनंतर टाके घातले. मध्येच मावसबहिणीला आठवा लागला म्हणून स्वेटर बाजूला ठेवून बाळंतविडा घेतला. टोपडं, झबलं, मोजे, दुपटं, सगळं फिकट पिवळ्या रंगात. स्वेटर थांबू शकतो, बाळ थांबत नाही. बारसं झालं, विडा देऊन झाला, आता पुन्हा राखाडी लोकर हातात आली आहे.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "अजून तेच चाललंय का?" त्यांच्यासाठी मी एकदा कागदावर हिशोब मांडला. बाबांची छाती ४० इंच. आत शर्ट, वर सैलसर हवा, म्हणून घेर ४४ इंच धरला, म्हणजे साधारण ११२ सेंटिमीटर. माझ्या हाताला आठ नंबरच्या सुयांवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसतात. म्हणजे घेराला २४६ टाके. उंची ६५ सेंटिमीटर, म्हणजे १९५ ओळी. पाठ आणि पुढचा भाग मिळून ४८ हजार टाके झाले. दोन बाह्यांचे आणखी १९-२० हजार. मुंढा आणि गळ्याची घट वजा केली तरी एका स्वेटरमध्ये ६५ हजारांच्या आसपास टाके असतात. मिनिटाला २० टाके म्हटले तर ५४ तास. रोज अर्धा तास मिळाला तर साडेतीन महिने, आणि त्यात बॉर्डर, वेण्या, शिलाई, गळा हे धरलेलंच नाही. नोकरी आणि घर सांभाळून रोज अर्धा तास कुणाला मिळतो?

त्यामुळे सावकाश होण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. कामच तेवढं मोठं आहे. मला ते मोठं आहे म्हणूनच आवडतं. बाबांसाठी एवढा वेळ मी दुसरं काय करत बसले असते?

सलग बसायला मिळतं ते रविवारी दुपारी. बाकी दिवस कुकर होईपर्यंत दोन ओळी, मुलाचा क्लास सुटेपर्यंत गाडीत चार ओळी, रात्री बातम्या लागल्या की थोडं. यासाठी मी दोन पिशव्या ठेवते. बाहेर न्यायच्या पिशवीत बिनडोक्याचं काम, म्हणजे नुसती सुलट-उलट. सध्या त्यात मफलर आहे. घरच्या पिशवीत मोजून करायचं काम, वेणी असेल किंवा घट असेल ते. क्लासबाहेर कुणी बोलायला आलं तरी मफलर बिघडत नाही. वेणीचं काम मात्र मी ओळ पुरी केल्याशिवाय खाली ठेवत नाही. अर्ध्या ओळीत सोडलं की त्या जागचे टाके ताणले जातात आणि विणीत सैल पट्टा दिसतो. वहीत ओळींचे आकडे लिहून ठेवते आणि विणून झाली की पेन्सिलने खोडते.

तुम्ही एका वेळी किती कामं काढता? आणि बाह्यांपर्यंत आल्यावर उत्साह कसा टिकवता?

मावशी_कोथरूड

छान विषय काढलास गं. मी एका वेळी एकच काम घेते. आमच्या आईची शिस्त होती, सुईवरचं उतरल्याशिवाय नवी लोकर आणायची नाही. आता आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण दुकानासमोरून जाताना अजून तेच आठवतं.

१९६२ साली मी प्राथमिक शाळेत होते. चीनचं युद्ध चालू होतं आणि जवानांसाठी घरोघरी स्वेटर, मफलर, हातमोजे विणले जात होते. आमच्या वाड्यात दुपारी सगळ्या बायका ओट्यावर विणायला बसायच्या. काम वाटून घेतलेलं असायचं, एकीने पाठ, एकीने पुढचा भाग, एकीने बाह्या. पण प्रत्येकीचा हात वेगळा. एका काकूंचा हात इतका घट्ट की तेवढेच टाके घालूनही त्यांची बाही दोन बोटं अरुंद व्हायची. मग आईने त्यांना एक नंबर जाड सुया दिल्या आणि बाही मापात आली. टाके बदलायच्या आधी सुई बदलून बघायची, हे मी तेव्हा शिकले.

बाह्यांचं विचारलंस. दोन्ही बाह्या एकाच सुईवर घे, दोन वेगळ्या गुंड्यांनी. एका सुईत दोन्हींची एकेक ओळ होते. एक बाही संपवून दुसरी पहिल्यापासून सुरू करायची वेळच येत नाही, आणि वाढीचे टाके दोन्हीकडे एकाच ओळीत पडतात. लांबी तंतोतंत सारखी येते. तुझ्या मापाने बॉर्डरवर ४८ टाके धरलेस तर दर सहा सुयांनी, म्हणजे सहा ओळींनी, दोन्ही कडांना एकेक टाका वाढव, वर मुंढ्याशी ९२ होतील. प्रत्येक वाढीला रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेव, म्हणजे मोजायला बसावं लागत नाही.

आणि लोकर सगळी एकदम आणलीस ना? पूर्ण बाह्यांच्या पुरुषी स्वेटरला अर्धा-पाऊण किलो सहज लागते. लेबलवर रंगाचा लॉट नंबर असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच हवा. दुकानात फरक दिसत नाही, उन्हात दिसतो.

खांबसाखळी

मी ठाण्याची, क्रोशावाली. चालेल ना इथे?

माझं सगळं काम लोकलमध्ये होतं. पूर्वी सुया न्यायचे, पण गर्दीत लांब सुयांची टोकं शेजारणीला लागतात आणि धक्क्याने सुई निसटली की सगळे टाके उघडे पडतात. क्रोशात एका वेळी एकच टाका उघडा असतो. स्टेशन आलं की तो मोठा ओढून ठेवायचा आणि उतरायचं. आमच्या डब्यात कुणी मेथी निवडतं, कुणी गजरे करतं, कुणी स्तोत्र म्हणतं. मी खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, घालत असते.

सध्या सुती धाग्याची चादर चालू आहे. चौकोन चौकोन करून मग जोडायची. एक चौकोन पर्समध्ये मावतो, म्हणून हे काम प्रवासात टिकलं. मुंबईच्या हवेत मी लोकरीऐवजी सूतच वापरते. मे महिन्यात अ‍ॅक्रिलिकची लोकर घामाने बोटांना चिकटते आणि टाके सरकत नाहीत. सुताला मात्र लोकरीसारखी ताण नसते. एकदा सैल विणलं की सैलच राहतं, शिवाय वजन फार होतं. त्यामुळे चादर, टेबलावरचा रुमाल, पिशवी अशा गोष्टींना सूत उत्तम, अंगावरच्या जाड कपड्यांना नाही.

चादर कधी होईल माहीत नाही आणि मला घाई नाही. प्रत्येक चौकोन म्हणजे पूर्ण झालेली एक वस्तूच आहे, त्यामुळे काम लांबलंय असं कधी वाटतच नाही.

विणू_नये_असं_वाटतं

मनापासून विचारतो आहे, राग मानू नका. अर्धा किलो चांगल्या लोकरीच्या पैशात बाजारात तयार स्वेटर मिळतो. माझी बायकोही विणते, महिनोन्‌महिने तेच चालतं आणि तिची मनगटं दुखतात. हे सगळं कशासाठी, हे मला समजून घ्यायचं आहे.

सुलटउलट

राग कसला, बरं झालं विचारलंत. पैशाचा हिशोब तुमचा बरोबर आहे, लोकरच महाग पडते. पण तयार स्वेटर बाबांना कधी नीट बसलेला नाही. त्यांचे खांदे रुंद आणि हात लांब, बाजारातल्या मोठ्या मापात बाही आखूड आणि पोटाशी ढगळ. मी विणते तो त्यांच्या मनगटापर्यंत येतो. दुसरं म्हणजे हाताने विणलेला उसवता येतो. आईने माझ्यासाठी विणलेला निळा स्वेटर मला लहान झाल्यावर उसवून तिने भावाची बंडी केली, उरलेल्यात टोप्या झाल्या. उसवलेली लोकर लडी करून कोमट पाण्यात भिजवायची आणि वजन लावून वाळवायची, म्हणजे वाकडेपणा जातो. बऱ्याच तयार कपड्यांत तुकडे कापून शिवलेले असतात, त्यातून सलग लोकर निघत नाही.

मनगटाचं मात्र गंभीरपणे घ्या. लांब सरळ सुयांवर पुऱ्या स्वेटरचं वजन दोन्ही मनगटांवर लोंबतं. मधे केबल असलेल्या गोल सुईवर तेच काम केलं की वजन मांडीवर येतं. सपाट विणायलाही गोल सुई चालते, ओळ संपली की फक्त काम उलटवायचं. पंधरा-वीस मिनिटांनी हात मोकळे करायला सांगा. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर विणकाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

बर्गनकर

नॉर्वेतून लिहिते आहे. इथे आल्यावर विणायला शिकले, कारण इथे सगळेच विणतात. बसमध्ये, व्याख्यानात, मीटिंगमध्ये लोक सुया काढून बसतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बर्गनला पाऊस इतका, की पाळणाघरात मुलं पावसातच बाहेर खेळतात. वरून रबरी कपडे, आतून लोकर. ओली झाली तरी लोकर ऊब धरून ठेवते.

सध्या मुलीचं कार्डिगन चालू आहे, गळ्यापासून खाली विणायचं. ज्यांचं काम सावकाश चालतं त्यांनी मुलांचे कपडे असेच विणावेत असं मला ठामपणे वाटतं. खालून वर विणलेला स्वेटर पुरा होईपर्यंत मूल वाढलेलं असतं. वरून खाली विणला तर अंगाला लावून लांबी ठरवता येते आणि पुढच्या हिवाळ्यात बाहीची कड सोडून तिथूनच चार बोटं वाढवता येतात.

इथली जुनी पद्धत अशी की कार्डिगनसुद्धा बंद नळीसारखं गोल विणायचं. त्यामुळे कायम सुलट बाजूच समोर राहते आणि दोन रंगांची नक्षी दिसत राहते. शेवटी मधोमध दोन्हीकडे मशीनची शिलाई मारायची आणि सरळ कात्रीने कापायचं. खरबरीत लोकरीचे टाके एकमेकांना धरून राहतात, म्हणून ते सुटत नाहीत. गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकवर हे करू नका.

इथल्या हातमोज्यांवर आठ पाकळ्यांची चांदणी दिसते ना, ती सेल्बू गावाची. १८५७ मध्ये मारित एमस्टाड नावाच्या मुलीने तिथे काळ्या-पांढऱ्या नक्षीचे हातमोजे विणले आणि मग गावंच्या गावं त्यावर पोसली गेली. एका मुलीच्या हातातून हे सुरू झालं याचं मला फार अप्रूप आहे.

नंबरांबद्दल एक सांगते. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात, नंबर मोठा तशी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे ३.२५. अमेरिकेत उलटं, नंबर मोठा तशी सुई जाड. तिथे ४ मिलिमीटरला सहा नंबर म्हणतात. परदेशी नमुना वाचताना नंबर सोडून मिलिमीटर बघायचे.

दुपारपाळी

मी सातपूरच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. आजीजवळ शिकलो. शाळेत कार्यानुभवाला मुलींना विणकाम आणि आम्हाला दुसरं काहीतरी असायचं, पण मला सुयाच आवडायच्या. आता दुपारपाळी असली की सकाळचे दोन तास माझेच. आजीसाठी कानटोपी झाली, सध्या तिच्यासाठीच शाल आहे.

एक विचारायचं होतं. टाका गळून पाच-सहा ओळी खाली गेला की तिथपर्यंत सगळं उसवावंच लागतं का? आजीची नजर आता तेवढी राहिली नाही, नाहीतर तिलाच विचारलं असतं.

सुलटउलट

अजिबात नाही. आधी त्या टाक्यात सेफ्टी पिन अडकव, म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. मग क्रोशाची बारीक सुई घे. सुलट बाजू समोर धर. गळलेल्या टाक्याच्या वर आडवे मोकळे धागे दिसतील, जितक्या ओळी सुटल्या तितके. क्रोशाची सुई समोरून मागे त्या टाक्यात घालायची, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा पकडायचा आणि टाक्यातून पुढे ओढायचा. एक ओळ वर आलास. मग त्याच्या वरचा धागा. क्रम चुकवायचा नाही, सगळ्यात खालचा आधी. वरपर्यंत आलास की टाका डाव्या सुईवर चढव, त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे हवा, नाहीतर टाका पिळलेला राहतो. उलट टाक्याची जागा असेल तर काम फिरवून मागच्या बाजूने हेच करायचं.

झाल्यावर तो उभा पट्टा थोडा घट्ट किंवा सैल दिसेल. शेजारचे टाके सुईच्या टोकाने जरा इकडेतिकडे ओढ, बाकीचं धुतल्यावर बसतं. गडद रंगाची शाल असेल तर मांडीवर पांढरा पंचा टाकून बस. टाक्यांमधली भोकं पांढरी दिसतात आणि रात्रीच्या दिव्यातही टाके स्पष्ट कळतात.

दुपारपाळी

जमलं! शाल जांभळी आहे, पंच्याचा खूप उपयोग झाला. आजी शेजारी बसून "खालचा आधी, खालचा आधी" म्हणत होती. तिला हे माहीतच होतं.

रत्नांग्रीची

लांबणाऱ्या कामांचा आमच्याकडचा शत्रू म्हणजे पावसाळा. जूनमध्ये बाजूला ठेवलेलं काम ऑक्टोबरात उघडावं तर वास येतो. मी प्लॅस्टिकची पिशवी कधीच वापरत नाही, आत दमटपणा कोंडतो. जुन्या सुती साडीच्या पिशवीत ठेवते, सोबत सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं बाहेर काढून झटकायचं. कसर लागते ती खऱ्या लोकरीला, तीही अंड्यातून निघालेल्या अळ्यांमुळे. अ‍ॅक्रिलिक त्या खात नाहीत. आणि काम लांबणीवर टाकताना सुया काढून टाके जाड दोऱ्यावर घेऊन ठेवा. दमट हवेत लोखंडी सुया गंजतात आणि डाग लोकरीत उतरतो.

जाता जाता एक प्रश्न. आपल्या धनगरांच्या मेंढ्यांची लोकर विणायला चालेल का? कुणी करून बघितलंय?

मावशी_कोथरूड

दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि आखूड असते गं, अंगाला टोचते. तिची खरी जागा मागावर. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्याने ती कडक होते आणि पावसाचं पाणी आत झिरपू देत नाही. सुयांवर घ्यायचीच असेल तर आसन किंवा पिशवी कर. जाड सुया घे आणि सूत आधी हाताने ताणून बघ, तुटत असेल तर दोन पदर एकत्र कर.

सुलटउलट

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मावशी, दोन्ही बाह्या एकाच सुईवर घेतल्या. दोन गुंड्या एकमेकींत गुंततात म्हणून एक डावीकडे डब्यात, एक उजवीकडे डब्यात ठेवते, आणि ओळ संपल्यावर काम एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळवते. बाह्या मुंढ्याशी आल्या आहेत. पुढचा भागही झाला, वेण्या सुरेख उठून दिसताहेत. खांद्याची शिलाई केली आणि आता गळा समोर आहे. बाबांना व्ही नको, गोल हवा. गळ्याच्या तिरक्या कडेला किती टाके उचलायचे?

मावशी_कोथरूड

जिथे टाके बंद केलेत तिथे टाक्याला टाका उचल. उभ्या कडेला चार ओळींना तीन टाके, चौथी ओळ सोडायची. सगळ्या ओळींचे उचललेस तर गळा झालरीसारखा फुगतो. वळणावर भोक दिसत असेल तर तिथे एक टाका जास्त उचल आणि पुढच्या सुईत दोनाचा एक कर. उचलताना दहा नंबरची सुई घे, दोन सुलट दोन उलट, इंचभर. एकूण टाक्यांना चाराने भाग जायला हवा. बंद करताना मात्र आठ नंबरच्या सुईने सैल बंद कर. पुरुषांच्या स्वेटरचा गळा डोक्यातून जाईना ही तक्रार निम्म्या वेळा घट्ट बंद केलेल्या कडेमुळेच असते.

आणि अ‍ॅक्रिलिक असेल तर शेवटी इस्त्री फिरवू नकोस. गरम इस्त्रीने वीण कायमची चपटी होते, बॉर्डरची ताण जाते. नुसतं ओलं करून टॉवेलवर मापात पसरून वाळव.

सुलटउलट

लोकर मिश्र आहे, त्यामुळे इस्त्री नाहीच. उद्यापासून टाके उचलायला घेते. रविवारी बाबा आमच्याकडे येणार आहेत, तेव्हा गळा बंद न करता टाके लांब दोऱ्यावर घेईन आणि डोक्यातून घालून बघेन. नीट गेला की मग बंद करेन. बाह्यांची लांबीही तेव्हाच हाताला लावून बघते, त्यांना मनगटाच्या हाडापर्यंत हवी आहे.